शिसवाची मूठ

बाबांच्या पश्चात त्यांचं रिव्हॉल्व्हर जमा करायला मी पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात गेले. फडकं सोडताच जवसाच्या तेलाचा वास आला आणि ओटीवरचा तो रविवार आठवला. फौजेतून निवृत्त झालेले बाबा मुठीच्या तडकलेल्या पट्ट्या काढून शिसवाच्या नव्या बसवत होते. पुढे ते रिव्हॉल्व्हर दादाकडे जाणार, म्हणून त्याचा पंजा मापून लाकूड घासत होते.

“माझाही पंजा मापा की,” मी म्हटलं.

“तुला कशाला गो? तू जानार लोकांच्या घरी.”

दादा खो खो हसला.

त्याच बाबांनी मला पदवीपर्यंत शिकवलं, हे मी विसरत नाही. शेवटच्या आजारपणात दादा फिरकलाही नाही. मीच त्यांना भरवलं. ठाण्यात ती मूठ पहिल्यांदा हातात धरली. माझ्या बोटांत ती मावली नाही.