बापूचा ढेकर आणि सांगलीची स्पर्धा

चार माणसं पोटभर जेवून बसली की आधी ढेकर येतो आणि मागोमाग किस्सा. कोयनानगरच्या आमच्या नाट्यमंडळात दोन्हींची कधी टंचाई पडली नाही, कारण आमच्यात बापू होता!

बापू फौजेतून रिटायर होऊन धरणाच्या प्रोजेक्टच्या स्टोअरमध्ये लागलेला. वर्षानुवर्षं त्यानं आमचा पडदा ओढला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला पहिली भूमिका मिळाली, तीही थेट सांगलीच्या स्पर्धेत! तिसऱ्या अंकात मरायचं आणि पडदा पडेपर्यंत गप पडून राहायचं.

पहिल्याच तालमीत बापू मेला आणि त्यानं असा काही ढेकर दिला की खिडकीची काच थरथरली. भूकंपाला सरावलेली आमची कॉलनी! कुणीतरी "पळा!" म्हणून ओरडलं आणि अख्खं नाटक मैदानात. सगळ्यांत शेवटी प्रेत बाहेर आलं. "परत या रं, त्यो मीच व्हतो!"

दिग्दर्शक भोसले ओव्हरसियर मात्र हसले नाहीत. "बापू, सांगलीपतोर ह्ये थांबलं न्हाई, तर परत पडद्याची दोरी धर." बापूचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. विंगेत उभं राहून त्यानं आजवर सगळ्यांचे संवाद पाठ केले होते हो!

* * *

नाटकात बापूची बायको व्हायची दवाखान्यातली नर्स नलूताई. तिनं त्याला एकदा जेवताना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आवं बापू, भाकरी खाताय का गोळीबार करताय? घासाबरोबर हवा गिळताय, तीच वर येतीया!"

बापू म्हणाला, "फौजेत शिट्टी व्हायच्या आत ताट रिकामं लागायचं."

मग तो एकेक घास चावून, न बोलता जेवायला लागला. ढेकर थांबला, पण मेसचा आचारी बिथरला. आमच्याकडं पाहुण्यानं ढेकर दिला नाही की वाढणाऱ्याला जेवण गोड झालं असं वाटत नाही. त्यानं पळी आपटली. "आमटी नासलीया का? तोंडावर सांगा की!"

* * *

दुसरा गुन्हेगार निघाला चहा. बापू तो बशीत ओतून फुर्रर्र करून ओढायचा. नलूताईनं बशीच जप्त केली. पहिल्या दिवशी कपाला तोंड लावताच बापूची जीभ अशी पोळली की त्या तालमीत तो मरेपर्यंत बोबडाच बोलला!

* * *

स्पर्धेच्या दिवशी ट्रक कऱ्हाडला थांबला. बापू गायब. सापडला तो गोटी सोड्याच्या गाडीवर, रिकामी बाटली हातात.

"आता आधीच सगळं भाइर काढून टाकतो!" म्हणाला.

"सोड्यात गॅसच आसतोय, बापू! काढताय कुठलं, भरताय!" नलूताई ओरडली.

इस्लामपूर येईपर्यंत ट्रकमध्ये हॉर्नची गरज पडली नाही. भोसल्यांनी बापूचे संवाद मलाच पाठ करायला दिले. बापू एकटाच मागच्या फळीला टेकून बसला, डोळे भरलेले.

* * *

सांगलीत एका व्यापाऱ्यानं सगळ्यांना जिलेबीचं जेवण दिलं. परीक्षकही त्याच पंगतीला. यजमान आग्रह करत होते, परीक्षक गप्पा मारत, हसत, जिलेबीवर जिलेबी रिचवत होते. वर मठ्ठा, वर सोडा! बापू चार घास शांतपणे चावून उठला आणि थेट कृष्णेच्या घाटावर फिरायला गेला. परतला तेव्हा चेहरा स्वच्छ होता. भोसल्यांनी माझ्याकडचे संवाद काढून घेतले आणि ते बापूला म्हणाले, "जा, मर जा!"

निकाल आधीच सांगायचा तर, त्या वर्षी अभिनयाचं पहिलं बक्षीस बापूला मिळालं! परीक्षकांनी स्वतःच्या हातानं दिलं, बापूच्या नजरेला नजर न देता.

तर प्रयोगातला तिसरा अंक. बापू मेला. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आम्ही विंगेत श्वास रोखून उभे. नलूताईनं त्याच्या छातीवर डोकं टेकून हंबरडा फोडला, "आवं, असं गप का? एकदा तरी बोला की!"

आणि पहिल्या रांगेतून, परीक्षकांच्या खुर्चीवरून, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असा दणदणीत ढेकर आला.

प्रेत ताडकन उठून बसलं.

"भोसलेसाहेब, ह्यो माझा न्हवं!"