पिशवीवालीचं मूत्रपिंड

कलकत्त्यात मराठी माणसाला एक टोपणनाव आयतंच मिळतं: बर्गी. कधीकाळी बंगाल लुटून गेलेल्या आमच्या घोडेस्वारांचं हे नाव. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सगळे मला ते हसत हसत लावायचे. माझे मार्गदर्शक सर मात्र हसत नसत. मी काहीतरी लांबवणार, अशा नजरेनं ते माझ्या हातांकडे बघायचे.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका पाहुण्यानं खारीएवढ्या दोन माद्या विभागाला दिल्या होत्या. पोटावरच्या पिशवीत पिलं वाढवणारी जात. त्यांच्या मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्यांची रचना हा माझ्या प्रबंधाचा विषय. सरांची सही झाली तर पदवी, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

त्यातली एक मादी आजारी पडून मेली. मी लगेच तिच्या मुख्य रोहिणीतून लाल रंगाचं कोमट जिलेटिन सोडलं. तिथल्या उकाड्यात जिलेटिन गोठेल तर शपथ! म्हणून गोणपाटात गुंडाळून बर्फ आणला. हात बसावा यासाठी आधी मी हेच उंदरांवर करत होतो. त्या रंगानं सदऱ्याच्या बाह्या डागाळल्या आणि घरी आईला भलताच संशय आला. "अरे, हा कुणाच्या पायाचा आळता?" बंगाली सून येणार या धास्तीनं ती कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मूत्रपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि मी हरखलो. आत उतरणाऱ्या बारीक लाल वाहिन्या मेथीच्या जुडीसारख्या एकत्र बांधलेल्या दिसत होत्या. हे प्राणी मागासलेले, त्यांच्यात इतकी नेटकी रचना असूच शकत नाही, असं सरांचं ठाम मत होतं.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काप पुढेमागे सरकवून पाहिला.

"एटा तो इँदुर," ते म्हणाले. हा तर उंदीर! उंदराच्या मूत्रपिंडात अशाच जुड्या असतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी तिथेच ठेवलेली बरणी दाखवली. तिच्यात फॉर्मॅलिनमध्ये त्या मादीचं शव होतं.

"शव खरं आहे," सर म्हणाले. "पण हे काप त्यातलेच कशावरून? प्राणी तुझ्या हातून वाया गेला आणि तू उंदीर पुढे केलास, असं मी म्हणत नाही. दुसरं कुणी म्हणेल."

पूर्वी एका विद्यार्थ्यानं त्यांना असंच फसवलं होतं, हे मला ठाऊक होतं. दुधानं पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, कबूल. पण मी काय त्यांचं ताक होतो? मला भयंकर राग आला. त्यांच्या जागी असतो तर मीही संशय घेतला असता, हे कळल्यानं तो आणखीच वाढला.

"दुसरी आहे ना," सर म्हणाले. "माझ्यासमोर कर."

दुसरी ठणठणीत होती. केळ्याचा तुकडा ती माझ्या बोटांतून घ्यायची, दोन्ही हातांनी धरून, आणि खाताना माझ्याकडे बघत राहायची. त्या अख्ख्या इमारतीत माझ्यावर संशय न घेणारी तेवढी एकच.

मी ते सरांसमोर केलं. क्लोरोफॉर्म दिला, रंग सोडला, बर्फ लावला. सर खुर्ची ओढून शेजारी बसले होते. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. मूत्रपिंडं त्यांनी स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. काप झाल्यावर त्यांनी पुन्हा डोळा लावला. त्याच जुड्या, तशाच.

"ठीक आछे," म्हणत त्यांनी पेन काढलं. सही करताना त्यांचा चेहरा प्रथमच मोकळा झालेला दिसला. "बरंच झालं," ते म्हणाले. "एका प्राण्यावर प्रबंध लंगडा वाटला असता."

प्रबंधात मी लिहिलं: दोन प्राणी तपासले. एक आजारानं मेला. दुसरा कशानं, ते लिहायला सरांनी सांगितलं नाही.