पारोशानं पाहिलेलं रोमन स्नानगृह

ईदच्या सुट्टीत बाबांना जॉर्डनला न्यायचं मीच ठरवलं. महिनाभर ते दोह्यात, मदिनत खलीफातल्या आमच्या घरी माझी वाट बघत बसले होते आणि मी ऑफिसात. निदान सुट्टी तरी त्यांची, असं मनाशी म्हटलं होतं.

पहाटे निघताना ते टॉवेल घेऊन बाथरूमपाशी उभे होते. "हॉटेलात निवांत करा आंघोळ. यल्ला, चला लवकर, विमान चुकेल," म्हणत मी त्यांना गाडीत बसवलं. विमानात त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवणाचा ट्रे परत केला. पारोशानं ते काही खात नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. हॉटेलात पोचलो तर खोली दुपारनंतरच मिळेल, असं काउंटरवरचे लोक म्हणाले. भांडून उपयोग झाला नाही. मग भाड्याची गाडी काढून, वेळ घालवायला, त्यांना रोमन अवशेष बघायला नेलं. ते नेमकं स्नानगृह निघालं.

मी फलक वाचून दाखवत होतो. ही गरम पाण्याची खोली, हा गार पाण्याचा हौद. हौदात वाळकं गवत होतं.

"एवढी मोठी न्हाणी," बाबा म्हणाले, "आणि तांब्याभर पाणी नाही."

रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीनं त्यांना घाम फुटला होता; ते दगडाला टेकले. बायकोनं दिलेला धपाट्यांचा डबा मी उघडून पुढे केला. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"बाबा, एक दिवस पारोशानं खाल्लं तर आभाळ कोसळणार आहे का?" मी ओरडलोच.

"आभाळाचं माहीत नाही. छप्पर मात्र कोसळलंय इथलं."

मला हसू आलं नाही. राग त्यांचा आला, हॉटेलचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या 'यल्ला'चा. एवढ्या घाईनं विमानतळावर पोचून आम्ही तासभर नुसते बसलो होतो.

गाडीतल्या पाण्याच्या बाटल्या उन्हानं कोमट झाल्या होत्या. पार्किंगच्या कडेला त्यांना बसवलं. लोकांसमोर सदरा काढायला ते तयार होईनात. "डोक्यावरून ओत नुसतं." मी ओतलं. ते पुटपुटू लागले, गोदावरीपासून सुरुवात करून एकेक नदी. टॉवेल त्यांच्या पिशवीत सगळ्यात वर होता.

डोकं पुसून त्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"तू विमानात पारोसाच जेवलास ना?"

"हो."

"वाक. बाटली दे इकडे."

"आधी खा."

त्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग मी वाकलो.