उभं गिऱ्हाईक

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका शनिवारी दुपारी, हैदराबादच्या कोठी भागातल्या एका साडीविक्रेत्याने आम्ही तयार केलेलं त्याचं दुकान नापसंत केलं. हे दुकान कॉम्प्युटरच्या पडद्यावर होतं. माउस सरकवला की दारातून आत जाता येई, डावी-उजवीकडे बघता येई. अमेरिकेत गेलेल्या जुन्या गिऱ्हाइकांना तिथे बसून दुकानात फेरी मारता यावी, अशी शेठजींची मागणी होती.

आम्ही दोघे होतो. मित्र ही दुनिया रचत असे. साड्यांचे फोटो काढून ते कॉम्प्युटरमध्ये घालणं माझ्याकडे होतं. मित्राची सिकंदराबादला रेल्वेत नोकरी होती आणि तो बिनपगारी रजेवर होता. रजा रविवारी संपणार होती. शेठजींनी काम घेतलं तर राजीनामा, नाही तर सोमवारी पुन्हा रेल्वेचं टेबल, असं घरी ठरलं होतं. त्याचे वडील रेल्वेतूनच निवृत्त झाले होते. त्यांचं मत नोकरीच्या बाजूने होतं आणि ते लपलेलं नव्हतं.

शेठजींना दुकान सोडून कुठे जायचं नव्हतं, म्हणून कॉम्प्युटर रिक्षातून नेला. मॉनिटर चादरीत गुंडाळून मित्राच्या वडिलांनी मांडीवर घेतला. आमच्या हाती तो सुरक्षित राहील याची त्यांना खात्री नव्हती. दुकानाच्या पायरीशी चपला काढून आम्ही आत गेलो आणि पांढऱ्या गादीवर बसलो. मॉनिटरही गादीवरच ठेवला.

शेठजींनी पडद्यावरचं दुकान बराच वेळ पाहिलं.

"ये कौन खडा है मेरी दुकान में?"

"गिराईक है, सेठजी," मित्र म्हणाला.

"खडा गिराईक तो जाता सो गिराईक है, भाई. इसको बिठाओ."

वडील मित्राकडे वळले. "आपण चपला काढून गादीवर बसलोय, चहा पितोय. आणि तू यांच्या गिऱ्हाइकाला उभं करून कपाटापाशी पिटाळलंस?"

"हौ बाबा, नजरेची उंची आधीच ठरलेली असते, ती तशीच राहिली."

ते खरं होतं. अशा दुनियेत पाहणाऱ्याचे डोळे जमिनीपासून किती वर असावेत याचा आकडा आधीच दिलेला असे, आणि तो उभ्या माणसाचा असे. दुकानाची मापंही आम्ही उभ्यानेच, टेप धरून घेतली होती.

शेठजींनी रविवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली.

आकडा बदलणं सोपं होतं. सगळी दुनिया साध्या मजकुराच्या फाईलमध्ये होती. मित्राने नजर खाली आणली आणि कपाटं एकदम छताला भिडली. वरच्या साड्यांपर्यंत बसलेलं गिऱ्हाईक पोचेना. मग मित्राने चालणंच काढून टाकलं. आता गिऱ्हाईक गादीवर बसून राहील, कपाटातल्या साडीवर बाण नेऊन दाबेल, साडी खाली येईल आणि समोर उलगडेल. रविवारच्या दुपारपर्यंत बहुतेक साड्या नीट उलगडू लागल्या. एक जांभळी मात्र वडिलांच्या देखत दर वेळी छताकडे जात होती. ती काढून टाकली.

संध्याकाळी पुन्हा रिक्षा, पुन्हा चादर. शेठजींनी माउस वडिलांपुढे सरकवला. "आप गिराईक. चलाओ."

वडिलांनी चष्मा पुसला आणि एक हिरवी साडी दाबली. कॉम्प्युटर थांबला, विचारात पडल्यासारखा थोडा वेळ तसाच राहिला, मग साडी खाली आली आणि उलगडली.

"दुसरी दाखव," वडील पडद्याला म्हणाले.

निळी आली. मग मोतिया. मग पुन्हा हिरवी. समोर साड्यांचा ढीग झाला.

"पदर दिसत नाही नीट. ती वरची काढ."

"बाबा, दाबा की तुम्हीच," मित्र म्हणाला.

शेठजी मांडीवर थाप मारून हसले. "एक नहीं लिए, और सारा माल निकलवा दिये! पक्के गिराईक हैं." त्यांनी नोकराला चहा सांगितला आणि दुकान ठेवून घेतो म्हणाले.

मग पुन्हा रिक्षा. मॉनिटर वडिलांच्या मांडीवरच होता. अफजलगंजचा पूल ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "त्या जांभळीचं काय झालं?"

"काढली."

"चांगली होती."

सोमवारी मित्राने सिकंदराबादच्या कचेरीत राजीनामा दिला. त्याच दिवशी वडील कोठीला जाऊन आले. त्यांनी त्या दुकानातून मित्राच्या आईसाठी जांभळी साडी आणली.