खाकरणारा भाया

ती चौकशी आजही आठवते, आणि आठवली की खबर देणाऱ्यापेक्षा मला माझंच हसू येतं. परभणीच्या ठाण्यात बायकांची झडती आणि जबाब घ्यायला मला नेमलं होतं. पट्टा कंबरेला दोनदा गुंडाळावा लागे, पण तोरा असा की निजामाचं राज्य माझ्याच खांद्यावर उभं!

नवा मुलकी कायदा आला होता. तोवर इंग्रजांच्या अमलातल्या वऱ्हाडातला माणूस गाडीत बसायचा, इकडं उतरायचा, कामाला लागायचा. आता सरकारी नोकरीला मुलकी, म्हणजे इथलाच रहिवासी, असल्याचा दाखला लागू लागला. बाहेरच्याला त्यासाठी इथं पंधरा वर्षं काढावी लागत. मुलकी माणसाच्या लग्नाच्या बायकोला मात्र तो लगेच मिळे. त्यामुळं कोण कुणाची बायको, हे शोधणं पोलिसांच्या गळ्यात पडलं.

अशात खबर आली. पोखर्णीची एक विधवा जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात दाई म्हणून लागणार होती. बाई माहेरची वऱ्हाडातली. खबर देणारा तिचा भाया, नवऱ्याचा थोरला भाऊ.

"लगीनबिगीन काय न्हाई, साहेब. भावानं ठेवलेली बाई हाय."

लग्न वऱ्हाडात लागलेलं, तिकडच्या साक्षी इथं कोण मानणार? गावात भायापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. दाखला अडला तर बाईची नोकरी जाणार होती आणि नवऱ्याच्या शेतातला वाटाही. भायाचा डोळा त्या वाट्यावरच होता.

मी तिला मागच्या खोलीत घेतलं. "वरमाईचं लुगडं कसल्या रंगाचं होतं?"

"सासू आदीच गेलेली. कुणाचं लुगडं सांगू, आक्का?"

मी डोळे बारीक करून बघत राहिले. असं बघितलं की खोटं आपोआप गळून पडतं, असा माझा समज होता.

तेवढ्यात अमीनसाहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या मुख्यांनी, भायालाही तिथंच बोलावलं. तो दारात खाकरला, आत आला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बाईनं पदर पुढं ओढला. मी काय करावं? त्याला पाण्याचा तांब्या दिला! "घसा धरलाय का, मामा?" तो बाहेर गेला, अंगठा द्यायला परत आला, परत खाकरला. मी परत तांब्या भरायला घेतला, आणि हात थांबला.

माझा स्वतःचा भाया ओसरीवर चढताना असाच खाकरायचा. आत धाकट्या भावाची बायको असली की थोरल्यानं चाहूल द्यायची, तोंड फिरवायचं. ठेवलेल्या बाईसाठी कोण खाकरतंय?

अमीनसाहेब हैदराबादचे, त्यांना ही रीत समजावून सांगितली. ते भायाला म्हणाले, "इधर देख. बाईकडं बघ आणि म्हण, तू माझ्या भावाची बायको नाहीस."

भाया भिंतीवरून नजर काढीना. साहेबांनी दरडावलं तसा पुटपुटला, "कसं बघू, साहेब? भावजय हाय ती."

मग साहेबांनी तसाच अहवाल वर पाठवला आणि बाईला दाखला मिळाला. तो घ्यायला आली, तेव्हा भाया ठाण्याच्या अंगणातच होता. ती पाठमोरी होऊन मला म्हणाली, "आक्का, त्यांना सांगा, खोकल्याचं औषध जिंतुरात फुकट मिळतंय. द्यायला मी हाय तिथं."

पुढं नोकरी संपेपर्यंत मी बायकांचे, बाप्यांचे जबाब ऐकले. तोंडानं माणूस वाटेल ते बोलतो, पण दारातून आत कसा येतो ते आधी बघावं, हे मी त्या दिवशी शिकले. डोळे बारीक करणं सोडलं. तांब्या मात्र भरून ठेवायची. एखाद्याचा घसा खरंच धरलेला असायचा.