अस्वलासाठी लावलेली गाणी

भेवभाऊ येणार असला की आधी ढोल ऐकू यायचे, मग गिटार, मग कुणीतरी परदेशी माणूस जीव तोडून ओरडतोय असा आवाज, आणि या सगळ्याच्या मागून सायकलवर स्वतः भाऊ. हँडलला सुतळीनं बांधलेला टेपरेकॉर्डर, कॅरिअरवर गोळ्यांचा आणि काचपट्ट्यांचा डबा, आणि चेहरा असा की आत्ताच काहीतरी मागे लागलं होतं. माझ्या ओळखीत इतका भित्रा माणूस दुसरा झाला नाही. इतक्या उघडपणे भित्रा तर नाहीच नाही.

खरं नाव वेगळं होतं, पण आमच्याकडे भीतीला भेव म्हणतात, आणि "मले भेव लागते" हे त्याच्या तोंडात सारखंच असायचं, म्हणून भेवभाऊ. तो मलेरियावाला. पंधरवड्याला गावोगाव फिरायचं, तापाची माणसं शोधायची, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख लिहून पुढं जायचं. मी त्याच भागात एका गावाला सिस्टर होते. गडचिरोलीची बस मोठ्या रस्त्यावर सोडायची, तिथून पुढं गाडीवाट, दोन्ही बाजूंनी सागवान आणि बांबू. मी मूल गावची, भातगिरण्यांच्या खडखडाटात वाढलेली पोर. मला तिथली शांतताच आधी घाबरवायची. पान वाजलं तरी मी मनात बुद्धाचं त्रिसरण सुरू करायची. भाऊला हे कळलं तेव्हा तो इतका खूश झाला, जणू त्याच्याच गावचं कुणी भेटलं.

तिकडे जंगलातून एकटं जाताना माणसं आवाज करत जातात. अस्वलाला एकाएकी माणूस समोर दिसला की ते अंगावर येतं, आधी चाहूल लागली तर आपणहून बाजूला होतं. कुणी काठी आपटतं, कुणी मोठ्यानं खोकतं, एक म्हातारा तर आपल्या मेलेल्या भावाशी भांडत जायचा. भाऊनं टेपरेकॉर्डर घेतला. मी विचारलं, भजनं लावून जात जा की, पुण्य तरी लागेल. तर म्हणाला, "भजन लावलं तं अस्वल बसून आयकन, सिस्टरबाई. हे आयकलं का पळते."

ती गाणी त्याला ऊर्जानगरला मिळाली. त्याचा साळा तिथल्या वीज केंद्रात कामाला होता, आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये एक साहेब होते, त्यांच्याकडच्या कॅसेटी साळ्यानं उतरवून घेतल्या. या गाण्यांना रॉक म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आम्ही नुसती भाऊची गाणी म्हणायचो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो म्हणे घराबाहेर जाऊन उभा राहिला. वाटलं, आत कोणाला तरी मारून राह्यले. मग दारातूनच पुढचं ऐकलं, मग उंबऱ्यात बसून, मग आत येऊन. "हे भेलेले लोक हायत, बाई," त्यानं मला एकदा समजावून सांगितलं. "आपून भेव लागलं का चूप बसतो. हे भेव लागलं का सुरात ओरडतात. आन ओरडता ओरडता गानं सोडत नाईत."

तो आला की माझ्या ओसरीवर मैफल बसायची. मी, सोमीबाई आणि शाळेचे गुरुजी. सोमीबाई म्हणजे गावातली गोंड सुईण, हातानं दहा गावची बाळंतपणं केलेली, माझी खरी शिक्षिका तीच. इंग्रजी कोणालाच येत नव्हतं. म्हणून आम्ही गाण्यांना आपापली नावं ठेवली होती. सोमीबाईला फक्त ढोलांचं आवडायचं, ज्यात गाणारा मध्येच गप्प होतो आणि ढोलवाला एकटाच सुटतो. ती म्हणायची, याच्या घरी लग्न असेल. गुरुजी सुरुवातीला नाक मुरडायचे, गिरणीत बैल शिरल्यासारखं वाटतं म्हणायचे, पण "ते आईला हाक मारतो ते लाव" अशी फर्माईश त्यांचीच असायची. तो आईलाच हाक मारतो हे कशावरून, तर गुरुजींना तसं वाटायचं. माझं गाणं संथ होतं. एकच गिटार, पागोळ्या गळाव्यात तशी, आणि मग हळूहळू सगळं घर वाजायला लागावं तसं. कॅसेटी ओळखायला मी माझ्या पेटीतल्या चिकटपट्ट्या लावून दिल्या होत्या आणि त्यांवर औषधं माखली होती. लाल औषधाची सोमीबाईची, आयोडीनची गुरुजींची, निळ्या औषधाची माझी.

मग मोठ्या रस्त्यालगत पोलिसांचा कॅम्प बसला. त्या वर्षांत जंगलातून आतले लोक, म्हणजे नक्षलवाले, यायचे, गाणी म्हणून गाव जमवायचे, बोलून निघून जायचे. त्यामुळे गाणं आणि जमाव हे दोन शब्द एकत्र आले की कॅम्पवाले सावध व्हायचे. इकडून विचारायचे, तिकडे काय बोललात. तिकडून विचारायचे, इकडे काय सांगितलंत. गाव दोन्हींकडे बघून दार लावून घ्यायचं. आमची ओसरीही ओस पडली. अशात कोणीतरी कॅम्पवर सांगितलं, मलेरियावाला कॅसेटी घेऊन फिरतो आणि लोक जमवतो. त्यांनी टेपरेकॉर्डर ठेवून घेतला, कॅसेटीही. ऐकून पाहू, मग देऊ, म्हणाले. हे आम्हाला नंतर समजलं.

त्या वेळी गावात तापानं धुमाकूळ घातला होता. माझ्याकडच्या गोळ्या संपल्या होत्या. सोमीबाईची नात तापानं बेशुद्ध पडत होती, मध्येच झटके येत होते. भाऊचा येण्याचा दिवस होता. सकाळपासून आम्ही वाटेकडे कान लावून बसलो. ढोल नाहीत. गिटार नाही. दुपार झाली. गुरुजी म्हणाले, आला नाही. सोमीबाईनं नातीला मांडीवरून खांद्यावर घेतलं. मी आयुष्यात पुष्कळ आवाजांना भ्यायले, पण तो न येणारा आवाज मला अजून आठवतो.

आणि मग ओरडणं आलं. टेपचं नाही, माणसाचं. शब्द कुठलेच नाहीत, नुसते वा वा हो हो, मध्ये डब्यावर थाप, मध्ये आवाज फाटून रडल्यासारखा, परत सुरात. भेवभाऊ सगळी गाणी स्वतःच्या घशातून काढत आला. सायकलवरून उतरला. "पानी द्या," म्हणाला, "आन लेकरू दाखवा."

गोळ्या कुटून पाजायला गेलो, पण पोर गिळेना. तिला गडचिरोलीला न्यायलाच हवं होतं. शेवटची बस गाठायची तर लगेच निघायला हवं. गुरुजींनी बैलगाडी जुंपली. भाऊ परत त्याच जंगलात यायला तयार नव्हता. त्यानं तसं सरळ सांगितलं, मले भेव लागते. सांगून झाल्यावर गाडीत चढून बसला.

वाटेत तो म्हणाला, आपापलं घ्या. मला आधी कळेना. मग सोमीबाईनं नातीला पोटाशी धरून गाडीच्या फळीवर ढोल धरला. गुरुजींनी आईला हाक मारली. मी माझं संथ गाणं सुरू केलं, एकच ओळ पुन्हा पुन्हा. चौघांची चार गाणी एकदम. बैलसुद्धा कान टवकारून चालले होते.

मोठा रस्ता दिसायला लागला आणि झाडीतून जवान बाहेर आले. बंदुका आमच्याकडे. गाणी तुटली. माझे हात वर करायचे की पोरीचं डोकं धरायचं हे मला सुचेना. पुढचा जवान अगदी कोवळा, बोलण्यावरून साताऱ्याकडचा. त्यानं गाडीत डोकावून पोरीला बघितलं, बंदूक खाली केली आणि मागच्या हवालदाराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "ते बाई म्हणत होत्या ते कुठल्या कॅसेटीत आहे?"

कुणीही म्हटलं असतं, माझा टेप द्या. भाऊ थरथरत म्हणाला, "निळ्या पट्टीच्या. दुसऱ्या बाजूले. सेल उतरले असन तं लावू नका, त्याचा आवाज रडका होते."

त्यांनी जाऊ दिलं. बस मिळाली. पोर वाचली, तिला आता स्वतःची नातवंडं आहेत.

काही दिवसांनी भाऊला टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी परत मिळाल्या. लाल होती, आयोडीनची होती. निळी नव्हती. मी चिडले, जाऊन माग म्हणाले. तो म्हणाला, "राहू द्या, बाई. त्या बंदूकवाल्या पोराले आपल्याहून जास्त भेव लागून राह्यलं." पुढं त्याची बदली झाली. जाताना ओसरीवर बसून त्यानं माझं गाणं तोंडानं म्हणून दाखवलं, पहिल्या पागोळीपासून शेवटपर्यंत; मधे आवाज थरथरला, पण गाणं सोडलं नाही. नंतर कधीतरी तो गेल्याचं कळलं. घरी, अंथरुणात, साध्या आजारानं. जंगलानं त्याला काही केलं नाही.

माझा भाचा आता ऊर्जानगरला असतो. त्याला या गाण्यांचं वेड आहे. मी म्हटलं, माझं गाणं शोधून दे. तो म्हणाला, म्हणून दाखव. मी म्हटलं. त्यानं मोबाईलवर कितीतरी गाणी लावली, प्रत्येकात थोडंथोडं सापडायचं, पूर्ण कशातच नाही. शेवटी म्हणाला, मावशी, मधे आवाज असा थरथरतो ते कुठल्याच गाण्यात नाही.

ते गाण्यातलं नाहीच. ते भाऊचं आहे.