शेवंताकाकूंचे कासरे

आम्हाला पाण्यातून काढलं ते शेवंताकाकूंनी. बाकी सगळं मागून सांगतो, हे नाव आधी. गेल्या महिन्यात मी कंपनीत शिफ्टवर असताना बायकोचा फोन आला, "काकू गेल्या हो... झोपेतच." मशीन बंद करून मी तिथंच खाली बसलो.

मी परभणीकडचा, शाळा नववीतच सुटली. मोशीत नदीजवळ काकूंच्या चाळीत भाड्यानं राहतो. त्यांच्या घरचे बैल बैलगाडा शर्यतीत घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, पळायचे. जमीन गेली, बैल विकले, तरी काकू गोठ्यातले कासरे उन्हात घालायच्या, पीळ सैल पडला की पुन्हा वळायच्या. मी चिडवायचो, "काकू, बैल कुठंयत?" "तू हायेस की! तुलाच जुपते," म्हणायच्या.

मग ते वादळ आलं. धडकलं किनाऱ्यावर, पाऊस ओतला आमच्यावर! भरदुपारी इंद्रायणी गल्लीत शिरली. बायकोला आठवा महिना, मला पोहता येत नाही, दारात कमरेएवढं पाणी आणि ओढ अशी की पाय ठरेना. तेवढ्यात समोरच्या उंचावरच्या गोठ्यातून हाक आली, "ए परभणी, धर!" कासऱ्याला कासरा गाठून, एक टोक गोठ्याच्या खांबाला आणि दुसऱ्या टोकाला तेलाचा रिकामा डबा बांधून काकूंनी तो प्रवाहात सोडला होता. डबा नाचत नाचत थेट आमच्या दाराशी! मी टोक खिडकीच्या गजाला आवळलं. दोर धरून बायको पुढं, मी मागं. आणि काकू शर्यतीत ओरडतात तशा ओरडत होत्या, "आली, आली, आली... भिर्रर्र!" त्या जीवघेण्या पाण्यात माझी बायको चक्क हसली! मी वर चढलो तर म्हणाल्या, "बघ, जुपला का न्हाई!" मग अख्खी चाळ तोच दोर धरून आली, प्रत्येकाला एक भिर्रर्र.

गोठ्यात चहा पिताना मी मोबाइलवरची बातमी सांगितली, की समुद्र तापलाय, म्हणून वादळं जास्त पाणी उचलून आणतात.

"समुद्र तिकडं तापला, आन पानी माझ्या चुलीत? तापवला कुनी?"

"आपणच काकू, सगळ्या दुनियेच्या धुरानं. आपल्या या कंपन्यांच्या पट्ट्याचाबी धूर त्यात आलाच."

"मंग पुन्हा येनार त्ये," म्हणाल्या, आणि चिखलानं भरलेले कासरे धुवायला उठल्या.

आता लेक रांगते. कासरे गोठ्यात त्याच खुंटीला आहेत. आभाळ भरलं की मी जाऊन पीळ तपासतो. गाठ अजून तुमच्यासारखी बसत नाही, काकू... पण शिकतोय. पुढच्या पाण्यात डबा मी सोडीन, शेवटचा माणूस वर येईतो दोर सोडणार नाही. तुमचे पांग तेव्हा फेडीन. आवाज तुमच्याएवढा चढायचा नाही, पण भिर्रर्र म्हणीनच!